भरती वेगळी, उधाण वेगळं : कॅम्पर व्हॅन घेऊन खाली उतरणाऱ्या घाटावरच्या लोकांसाठी

आपल्या बेळगाव-खानापूरच्या माणसाला विचारा, पाणी कधी चढतंय? तो सांगणार, वर पाऊस झाला की. कणकुंबीला धो धो झालं की मलप्रभा फुगते, निपाणीकडं वेदगंगा पात्राबाहेर येते, पाऊस थांबला की उतरते, विषय संपला. समुद्र मात्र आभाळ ठणठणीत कोरडं असताना पण चढतोय, ते पण चंद्राच्या हिशोबानं. शाळेत शिकलोय की सगळे, पण गाडी लावताना कुणाच्या डोक्यात येतंय?

आणि ज्यांच्या डोक्यात येतंय ते पण भरती आणि उधाण एकच समजतात. मी पण त्यातलाच. आपल्याकडं उधाण येतंय ते फक्त उत्साहाला नायतर बाजाराला, त्यामुळं मला वाटायचं मोठ्या लाटा उसळल्या म्हणजे उधाण. तसं नाय ओ. लाटा उसळतात ते वाऱ्यानं, त्याला समुद्र खवळला म्हणायचं. समुद्र अगदी शांत असताना पण उधाण असू शकतंय, आणि आमची गाडी अशाच शांत रात्री रुतली.

आधी भरती बघू, ती सोपी आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी दिवसातनं दोनदा चढतंय, दोनदा उतरतंय. एका भरतीपासनं दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे आज ज्या वेळेला आली त्यापेक्षा उद्या ५० एक मिनिटं उशिरा. हे रोजचं, वर्षभर, सुट्टी नाय.

उधाण म्हणजे रोजच्यातलीच भरती, पण अमावस्या-पुनवेच्या आसपासची. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, सूर्य-चंद्राची ओढ एकमेकात मिसळते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढतंय. बरोब्बर त्याच दिवशी सगळ्यात जास्त असं पण नाय, बऱ्याचदा एक-दोन दिवस नंतर. अष्टमीच्या आसपास उलटं, ओढ काटकोनात जाते, पाणी थोडंच चढतंय थोडंच उतरतंय, त्याला कोकणात भांग म्हणतात. गोवा-कारवार पट्ट्यात उधाणाला चढउतार साधारण २ मीटरचा, मुंबईला तोच ४ मीटरच्या वर जातोय. त्यामुळं मुंबईकर मित्राचा अनुभव मालवणला लावायचा नाय आणि आपला मुंबईला तर अजिबात नाय.

आता खरी गोम. उधाणाला पाणी जेवढं जास्त चढतंय तेवढंच ओहोटीला जास्त मागं पण जातंय. आणि आपल्या भागात पुनवेची भरती दुपारी अन् मध्यरात्री, बाराच्या जरा अलीकडं-पलीकडं येते, मग ओहोटी कधी? संध्याकाळी पाच-सहाला. म्हणजे तुम्ही आंबोली उतरून, वाटेत चहा-भजी करत, सूर्यास्ताला किनाऱ्यावर पोचताय, बघताय तर काय, समुद्र लांब गेलाय, पुळण पसरलीय क्रिकेटच्या मैदानासारखी, वा! लाव गाडी इथंच! आणि सहा तासांनी तुम्ही घोरत असताना तेच पाणी परत येतंय, पूर्ण उंचीनं. भांगाला बरोबर उलटं, संध्याकाळी समुद्र अगदी जवळ दिसतो, भीती वाटते, पण साधारण तीच त्याची त्या दिवसाची हद्द असते. म्हणजे संध्याकाळी पाणी जितकं लांब, तितकी गाडी वर काढायची. आमच्या मनाला नेमकं उलटं वाटत होतं.

आमचं असं झालं. होळीची सुट्टी जोडून मामाची फॅमिली आणि आम्ही भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन वेंगुर्ल्याच्या पलीकडं गेलो. आत गॅस, बेसिन, पाण्याची टाकी १५० लिटरची, म्हणजे भरली की दीडशे किलो नुसतं पाणीच. उकाडा असा की बनियन अंगाला चिकटलेली, आणि बॅटरीवर पंखे चालायचे, एसी नाय. म्हणून मामा म्हणाला पाण्याजवळ लावू, वारा येईल. (हे पण चुकीचं. दिवसा समुद्राकडनं खारे वारे येतात, रात्री ते पडतात आणि जमिनीकडनं मतलई वारे सुटतात, भूगोलाच्या पुस्तकातलंच आहे. रात्रीच्या वाऱ्यासाठी पाण्याला चिकटून काय मिळत नाय.)

खाडीच्या तोंडाशी सपाट गवताळ तुकडा होता, तिथं लावली. पहिली रात्र त्रयोदशीची. सकाळी बघितलं तर ओल्या वाळूची रेघ आणि पुढचं चाक यांच्यामध्ये पंधरा पावलं मोकळी. मी मोजली. झालं, भरती बघितली, इथपर्यंतच येते, आता बिनधास्त. इथंच गंडलो, कारण मी बघितली ती एका तिथीची भरती, उधाण अजून यायचं होतं.

तिसऱ्या दिवशी पुनव, होळी. बांगडे घेऊन आलेल्या म्हातारीनं गाडीकडं बघून मामीला सांगितलं, "आज पुनव मा, उधाणाचा पाणी हंयसर येतला, गाडी वर काढा." मामीनं आम्हाला सांगितलं, आम्ही हसलो. पंधरा पावलं होती की.

रात्री बाराच्या सुमाराला गाडी जरा कलली. मला वाटलं मामा कूस बदलतोय. खाली पाय टाकला तर घोटाभर पाणी, लाट नाय आवाज नाय, नुसतं चकाकणारं पाणी गवतातनं सरकत आलेलं आणि वर हा भला मोठा चंद्र. सपाट जागेचं हेच असतंय, ५० फुटाला १ फूट उतार असेल तर पाणी एक फूट जास्त चढलं की ५० फूट आत येतंय. त्यात होळी येते मार्चच्या आसपास, तेव्हा दिवस-रात्र सारखे होतात आणि उधाण पण वर्षातल्या मोठ्यांपैकी असतंय. मागची चाकं पाण्यानं खालची वाळू खाल्ल्यामुळं बसत चाललेली, एक्सलेटर दिला की आणखी खाली. सकाळी ट्रॅक्टर मिळाला तोपर्यंत डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांच्या मधला गिअरचा गोळा, वाळूला टेकलेलं. वर आल्यावर पहिलं काम, चेसिस खालनं गोड्या पाण्यानं धुऊन घेतली, तरी ब्रेक ड्रम आठवडाभर करकर करत होते, डिपॉझिटमधनं कापले ते वेगळेच.

आता आम्ही करतो ते एवढंच : भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिला पाऊणनं गुणायचं, कोकणातला जुना हिशोब आहे. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, भरती सहाच्या आसपास. पुनव म्हणजे पंधरा पाऊणे सव्वा अकरा. पुनवेनंतर परत एकपासनं मोजायचं. तासभर मागंपुढं धरा, पक्की वेळ आणि उंची पाहिजे असेल तर गोव्यातल्या मुरगाव बंदराचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचा तक्ता, मिळतंय. जागा बघताना आजची ओली रेघ बघायची नाय, त्याच्या वर वाळलेल्या काटक्या, नारळाच्या झावळ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्यांची एक ओळ असते, ती मागच्या उधाणानं टाकलेली, त्या ओळीच्या चांगलं वर जायचं. गोव्यात तर बीचवर गाडी उतरवायला बंदीच आहे, तिथं हा प्रश्नच नाय. आणि पावसाळ्यात यातलं काय धरू नका, वारा-लाटा उधाणावर चढल्या की काटक्यांची ओळ पण खोटी पडते.

पुढच्या ट्रिपसाठी मामा अष्टमी धरून बसलाय. मामी म्हणते, मग पुनवेचं चांदणं कुठलं मिळणार. मामा म्हणतो, रात्री बारापर्यंत जाग, अर्धं मिळेल.