गवताच्या काडीतली तारीख

बामियान हे अफगाणिस्तानातल्या त्याच नावाच्या प्रांताचं राजधानीचं ठिकाण. राजधानी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, तसं इथे फारसं काही नाही. एक बाजारपेठ, बटाट्याची शेतं, पॉप्लरची सरळसोट झाडं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर, एका अंगाला हिंदुकुश, दुसऱ्या अंगाला कोह-ए-बाबाची रांग. आणि गावाच्या उत्तरेला तांबूस कडा. त्या कड्यातले दोन अजस्र कोनाडे आज रिकामे आहेत. एकात ५५ मीटर उंचीचा बुद्ध उभा होता, दुसऱ्यात ३८ मीटरचा. इथले हजारा जमातीचे लोक त्यांना सलसाल आणि शाहमामा म्हणत. मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून दोन्ही मूर्ती उडवल्या.

या मूर्ती निव्वळ दगडाच्या नव्हत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अजिंठ्याचा बेसॉल्ट एकजीव असतो, त्यात पापणीसुद्धा कोरता येते. बामियानचा कडा पिंडाश्माचा, म्हणजे जुन्या नद्यांनी आणून टाकलेले गोटे, वाळू आणि गाळ यांचा घट्ट झालेला थर. त्यावर छिन्नी मारली की गोटाच निखळून हाती येणार. वस्त्राची नाजूक चुणी अशा दगडात काढायची कशी? कारागिरांनी अंगाचा ढोबळ आकार कड्यात खोदला, त्यात लाकडी खुंट्या ठोकल्या, दोर सोडले आणि त्यावर मातीचा गिलावा चढवून चुण्या घडवल्या.

कुडाची भिंत लिंपताना मातीत भुसा किंवा गवत का मळतात, हे आपल्या खेड्यांतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माती वाळताना आकसते आणि तडकते. काड्या तो ताण वाटून घेतात. बामियानच्या गिलाव्यातही भुसा होता आणि जनावरांचे केसही होते. इतक्या थंडीवाऱ्यात हा लेप कित्येक शतकं टिकला, याचं मला फार कौतुक वाटतं.

या मूर्तींचं वय त्या भुश्यानेच सांगितलं. दगडाचं वय मोजून उपयोग नसतो, कारण तो मूर्तीच्या कितीतरी आधीचा. लाकूडही फसवू शकतं. झाडाचा गाभा तोडणीच्या शंभर वर्षं आधीच घडलेला असू शकतो, शिवाय जुनं लाकूड पुन्हा वापरायची रीत सगळीकडेच आहे. गवताची काडी मात्र एका हंगामाची. जिवंत असताना ती हवेतून कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन घेते. कापली की घेणं थांबतं आणि आतला साठा ठरावीक गतीने घटू लागतो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. किती उरलाय ते मोजलं की कापणीचा काळ कळतो. जर्मन संशोधकांनी ढिगाऱ्यातले तुकडे असे तपासले. धाकटी मूर्ती इ.स. ५४४ ते ५९५ च्या दरम्यानची ठरली, थोरली ५९१ ते ६४४ मधली. चिनी प्रवासी ह्युएन त्संग इथे आला तो ६३० च्या सुमारास, म्हणजे थोरली मूर्ती तेव्हा अगदी नवी असणार. पुढे तो महाराष्ट्रातही आला होता.

त्याच तुकड्यांवर रंगही सापडला. वस्त्रं आतून गर्द निळी होती आणि बाहेरून गुलाबी, नंतरच्या काळात भगवी. विध्वंसातून ज्ञान मिळालं, असं मात्र कुणी म्हणू नये. श्रेय आहे ते मातीचा कण न् कण वेचून जपणाऱ्यांचं.

मूर्तींच्या आसपासच्या लेण्यांतल्या चित्रांनी तर २००८ मध्ये सगळ्यांनाच चकित केलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांखाली रंगाच्या बारीकशा खपल्या ठेवल्या आणि त्यांतले थर एकेक करून ओळखले. पाहिलेल्या ५० लेण्यांपैकी १२ लेण्यांत तैलरंग निघाले. तेल बहुधा अक्रोडाचं किंवा खसखशीचं, आणि काळ सातव्या शतकाच्या मध्याचा. युरोपातली तैलचित्रं याच्या कितीतरी शतकं नंतरची.

डिंकाचा किंवा सरसाचा रंग वाळतो तो पाणी उडून गेल्यावर. अक्रोडाचं किंवा जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक पापुद्रा तयार होतो. शिशाची संयुगं हे काम झपाट्याने करून घेतात. मूर्तीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर शिशाचाच. वर्षानुवर्षं थरावर थर चढून त्याचं कवच होतं, ते यामुळेच. बामियानच्या चित्रकारांनी तेलाबरोबर शिशाचा सफेदा वापरला होता. त्यांचा निळा रंग लाजवर्द या निळ्या दगडाचा, आणि त्याच्या प्रसिद्ध खाणी अफगाणिस्तानातच बदख्शानात आहेत. अजिंठ्याच्या चित्रांतली निळाईही लाजवर्दाचीच.

कडा मात्र अजून धोक्यात आहे. वर बर्फ वितळतं, पाणी भेगांत शिरतं आणि रात्री गोठताना सुमारे ९ टक्के फुगून भेग आणखी रुंदावतं. कड्यातले बारीक गाळाचे थर तर भिजले की विरघळून चिखल होतात. स्फोटांनी नव्या भेगाही पाडल्या. धाकट्या मूर्तीचा कोनाडा कोसळायच्या बेतात होता, तेव्हा इटालियन कारागिरांनी दोरांवर लटकून खडकात पोलादी सळया रोवल्या. आज तो उभा आहे तो त्या सळयांवर.