जंगल मोजायचं, पण जंगल म्हणजे काय?

१९९२ साली रिओ दि जानेरोत हवामान आणि जैवविविधतेवर करार झाले. वनांबाबतही बंधनकारक करार व्हावा असा श्रीमंत देशांचा आग्रह होता; प्रत्यक्षात वनांच्या वाट्याला कुणालाच न बांधणारी तत्त्वं आली. विकसनशील देशांना त्या करारात आपल्या वनसंपत्तीवरच्या हक्कावर गदा दिसत होती. ही भीती निराधार नव्हती. ज्यांनी आपली जंगलं कधीच तोडून शेतं केली होती, तेच आता इतरांना जंगल राखायला सांगत होते.

करार नाही, तर निदान मोजमाप तरी एक असावं, म्हणून देशांचे गट कामाला लागले. १९९३ साली हेलसिंकीत युरोपीय देशांनी शाश्वत वनव्यवस्थापनाची व्याख्या केली. १९९५ साली सँटियागोत समशीतोष्ण प्रदेशातल्या देशांनी ७ निकष आणि ६७ निर्देशक ठरवले. उष्णकटिबंधातल्या लाकडाच्या व्यापारासाठी वेगळे निकष आधीच होते.

खरी गुंतागुंत ‘वन’ या शब्दातच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची जागतिक वनगणना १९४८ पासून देशांनी भरून पाठवलेल्या माहितीवर चालत आली. १९९० च्या गणनेत विकसित देशांसाठी वृक्षछत्राची, म्हणजे जमिनीचा किती भाग झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेला असावा याची, अट २० टक्के होती, विकसनशील देशांसाठी १०. सन २००० च्या गणनेत सगळ्यांना १० टक्के लागू झाले: किमान अर्धा हेक्टर जमीन आणि ५ मीटर उंच वाढणारी झाडं. या एका निर्णयाने ऑस्ट्रेलियाचं वनक्षेत्र कागदावर तिपटीहून अधिक झालं. नवं जंगल उगवलं नव्हतं; विरळ झाडीचा प्रदेश व्याख्येत आला होता.

शिवाय ही व्याख्या जमिनीवर आज काय उभं आहे यापेक्षा जमिनीचा वापर कशासाठी आहे हे पाहते. तोड झाली पण पुन्हा झाडं येणार असतील, तर ते उघडं रानही वनच. निलगिरीची एकसुरी लागवड वन, रबराचे मळेही वन. पाम तेलाचे मळे मात्र नाहीत. शेकडो जातींचं जुनं अरण्य तोडून तिथे निलगिरी लावली, तर या हिशेबात जंगलतोड झालीच नाही. एकच मोजपट्टी हवी हे मान्य, पण जे गमावलं तेच दिसू नये अशी मोजपट्टी का स्वीकारली, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. पुढे २००१ साली मराकेशच्या हवामान परिषदेत कार्बनच्या हिशेबासाठी देशांना वृक्षछत्राची अट १० ते ३० टक्क्यांत आपापली निवडण्याची मुभा मिळाली आणि आकडे आणखी पांगले.

उपग्रहांनी दुसरा डोळा दिला. जमिनीची चित्रं १९७२ पासून घेतली जात होती, पण ती विकत घ्यावी लागत. २००८ साली अमेरिकेने तो सगळा साठा मोफत खुला केला आणि २०१३ साली ३० मीटर तपशिलाचा पहिला जागतिक वनबदल नकाशा आला. ब्राझील तर १९८८ पासूनच ॲमेझॉनमधली तोड दरवर्षी उपग्रहावरून मोजत होता. पण उपग्रहाला दिसतं ते झाडांचं आच्छादन, जमिनीचा वापर नव्हे. म्हणून सरकारी आकडा आणि नकाशाचा आकडा जुळत नाहीत, आणि प्रत्येक बाजू सोयीचा आकडा पुढे करते. २०२० च्या गणनेत आधीच्या दहा वर्षांतली निव्वळ घट, म्हणजे गेलेल्या जंगलातून नव्याने वाढलेलं वजा करून उरलेली, वर्षाला ४७ लाख हेक्टर होती. त्याच गणनेत २०१५ ते २०२० मधली प्रत्यक्ष जंगलतोड वर्षाला सुमारे १ कोटी हेक्टर. बातम्यांत बहुधा पहिला आकडा झळकतो.

दरम्यान मोजणीशी पैसा जोडला गेला. जंगल राखणाऱ्या देशांना मोबदला मिळावा ही मागणी पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी २००५ साली मांडली; त्याचे नियम २०१३ साली वॉर्साच्या हवामान परिषदेत पक्के झाले.

२०२३ साली युरोपने कायदाच केला: ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून पिकवलेलं कोको, कॉफी, सोया, पाम तेल, रबर तिथल्या बाजारात विकता येणार नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे. या कायद्याने वनाची व्याख्या जागतिक गणनेचीच उचलली, पण रबराचे मळे शेतीत टाकले. त्यामुळे रबराचा तोच मळा गणनेत वन ठरतो आणि युरोपच्या कायद्यात शेत.