चावडी (मराठी विकिपीडिया)

चावडी म्हणजे मराठी विकिपीडियावरचं असं पान जिथं संपादक मंडळी एकमेकांशी बोलतात, अडलेलं मांडतात, भांडतात आणि बऱ्याचदा भांडण मिटवूनपण टाकतात. हे सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही, कुणी शिक्षक, कुणी बँकेतनं रिटायर झालेले, कुणी कॉलेजची पोरं, आणि निम्म्यांनी एकमेकांचं तोंडपण बघितलेलं नसतं. एकेका लेखाबद्दलचं बोलणं त्या लेखाला जोडलेल्या 'चर्चा' पानावर होतं, आणि सगळ्यांच्या कामाचं असेल ते, म्हणजे नियम, तांत्रिक अडचण, नवीन कल्पना, हे चावडीवर येतं. इंग्रजी विकिपीडियावर ह्याच जागेला गावातल्या हापशाचं नाव दिलंय, आपल्याकडं चावडी म्हणलं ते बरं झालं, कारण आपल्या चावडीवर तलाठी असतो, दफ्तर असतं आणि चावडीवाचन, म्हणजे गावापुढं नोंदी मोठ्यानं वाचून दाखवणं, असतं, आणि विकिपीडियाचं काम त्याच्याशी जास्त जुळतं.

जुळतं म्हणजे कसं, तर फेरफार घ्या. सातबाऱ्यावर काही बदलायचं असलं तर आधी गाव नमुना ६ ला फेरफार नोंद पडते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केल्यावर मग उतारा बदलतो. विकिपीडियावर उलटं आहे. उतारा लगेच बदलतो आणि हरकत मागनं येते. पण फेरफाराची वही मात्र तशीच आहे, तिला 'इतिहास' म्हणतात, प्रत्येक लेखाच्या वर ती लिंक असते, आणि कुठला बदल कुणी, किती वाजता, काय कारण देऊन केला ते पहिल्या दिवसापासनं तिथं दिसतं. ज्यानं ही वही उघडायची सवय लावून घेतली त्याला निम्मी भांडणं करावीच लागत नाहीत.

थोडा इतिहास

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी इंग्रजीत सुरू केला, मराठी १ मे २००३ ला, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनाला. 'विकि' हा हवाईयन भाषेतला शब्द, अर्थ झटपट. लिहायचं काम खरोखर झटपट होतं, मिटवायचं काम नाही.

भांडणं कशावरनं होतात

लोकांना वाटतं राजकारणावरनं, जातीवरनं होत असतील. होतात तीपण. पण रोजची भांडणं बारीक असतात, स्पेलिंगवरनं, तारखेवरनं, जिल्ह्यावरनं. आपल्या सातारा-सांगलीपुरतीच उदाहरणं घेतो, बाकीच्यांनी आपापल्या भागातली आठवावीत.

कराड की कऱ्हाड? रेल्वे स्टेशनवर कराड, पेपरात बरेच वेळा कऱ्हाड, बोलताना दोन्ही. एकानं लेखात सगळीकडं 'कऱ्हाड' केलं की दुसरा अर्ध्या तासात 'कराड' करतो आणि दोघांनाही मनापासनं वाटतं की आपण चूक दुरुस्त केली. ह्याला उपाय सोपा आहे, एका नावानं लेख ठेवायचा, दुसऱ्या नावाचं पुनर्निर्देशन करायचं म्हणजे कुठलंही टाइप केलं तरी माणूस त्याच पानावर जातो, आणि लेखाच्या पहिल्या ओळीत दोन्ही रूपं लिहायची. तरी मुख्य नाव कुठलं ह्यावर चर्चा पान लांबच लांब होऊ शकतं. गावाच्या नावाला मन अडकलेलं असतं, त्याला कोण काय करणार.

तारखेचं उदाहरण कोयनेच्या भूकंपाचं. आपल्याकडं कुणालाही विचारा, ११ डिसेंबर १९६७, पहाटे, माणसं झोपेत होती. आता समजा एखाद्यानं तिथं १० डिसेंबर केलं आणि खाली परदेशी भूकंप-सूचीचा संदर्भ लावला. कोयना ज्या पाटण तालुक्यात आहे तिथला माणूस ते बघून भडकणारच, ज्याच्या आजोबांचं घर त्या रात्री पडलं त्याला तुम्ही तारीख शिकवणार का? तो उलटवतो. पहिला परत १० करतो, का, तर त्याच्याकडं संदर्भ आहे. असं तीन-चार वेळा झालं की चर्चा पानावर साधारण असं चालू होतं:

'दादा, तुम्ही परत बदललंत, कारण तरी लिहा.'
'कारण लिहिलंय, संदर्भ बघा.'
'संदर्भ गेला खड्ड्यात, आमच्या गावाला विचारा.'
'गावाला विचारून लिहिता येत नाही हो इथं.'

मग कुणीतरी तिसरा येतो. तो ना पाटणचा ना सूचीवाला. तो म्हणतो, अहो, भूकंप झाला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, भारतीय वेळेनं. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणजे तिथं आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं, तारीख १०. दोघंही बरोबर आहात. वाक्य असं करा: '११ डिसेंबर १९६७ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ४.२१ वाजता (जागतिक वेळेनुसार १० डिसेंबर)'. झालं. एका कंसात मिटलं. तीव्रतेचंपण तसंच, कुठं ६.३ सापडतं कुठं ६.५ कुठं ६.६, तिथं एक आकडा निवडून बाकीचे खोडण्यापेक्षा कोण किती सांगतं ते लिहिलेलं बरं.

मला विचाराल तर चावडीवरचा सगळ्यात कामाचा माणूस हा तिसरा. त्याला विषयातलं जास्त कळतं असं नाही, त्याला फक्त जिंकायचं नसतं.

जिल्ह्याचं भांडण तर आपल्याकडं ठरलेलंच. १९४९ ला सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि सांगली-मिरजेसारखी संस्थानं मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. आता क्रांतिसिंह नाना पाटील, जन्म १९०० सालचा, गाव येडेमच्छिंद्र, म्हणजे तेव्हाच्या साताऱ्यातलं, आणि ते गाव आज सांगली जिल्ह्यात. त्यांचं प्रतिसरकार इतिहासात साताऱ्याचं म्हणूनच ओळखलं जातं. साताराकर म्हणणार आमचे, सांगलीकर म्हणणार आमचे. 'तत्कालीन सातारा जिल्हा, सध्या सांगली जिल्हा' एवढं लिहिलं की दोघांचं समाधान व्हायला पाहिजे, होतंच असं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं ताजं आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं विधानसभेत त्याचं नाव ईश्वरपूर करायची घोषणा केली. अशा घोषणेनंतर कुठल्याही गावाच्या लेखाला पहिल्या तासात काय सोसावं लागतं ते इतिहासात बघण्यासारखं असतं. एक गट सगळीकडं सरसकट नाव बदलत सुटतो, अगदी १९५० सालच्या घटनेतपण नवीन नाव घालतो, दुसरा ते उलटवत सुटतो. तिथं रीत अशी की सरकारी प्रक्रिया कुठंवर आली ते तारखेसकट लिहायचं, आणि जुन्या घटनेत तेव्हाचं नाव राहू द्यायचं.

फ्लेक्सची भाषा

ह्यावर थोडं सविस्तर लिहितो कारण चावडीवरचा सगळ्यात जास्त वेळ ह्यातच जातो. आपल्याकडं चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स असतात ना, 'कार्यसम्राट', 'युवकांचे प्रेरणास्थान', 'दमदार नेतृत्व', ती भाषा उचलून तशीच्या तशी विकिपीडियावर येते. कार्यकर्ता खातं उघडतो आणि पहिलाच लेख साहेबांवर. त्याच्या मनात वाईट काहीच नसतं, त्याला वाटतं आपण चांगलं काम केलं. पण विश्वकोशाचा पहिला नियम तटस्थपणाचा, आणि त्याच्या आधी प्रश्न उल्लेखनीयतेचा, म्हणजे ह्या माणसाबद्दल त्याच्याशी संबंध नसलेल्या कुणी, पेपरात म्हणा पुस्तकात म्हणा, नीट लिहिलंय का? नसेल तर लेखावर काढून टाकायचा साचा, म्हणजे तयार सूचनेची पट्टी, लागतो, आणि मग कार्यकर्ता चिडतो, तुम्ही विरोधी पार्टीचे का म्हणून विचारतो.

दोन पानांच्या असल्या मजकुरातली विशेषणं एकेक करून काढत गेलं तर कधीकधी शेवटी एकच वाक्य उरतं: 'ते अमुक गावाचे सरपंच होते.' बाकी सगळी हवा. गावांच्या लेखात ह्याचं छोटं रूप सापडतं, मध्येच कुठंतरी 'आमच्या गावात विशाल नावाचा लई भारी पोरगा राहतो' अशी ओळ. ती काढायची, पण त्या पोराला रागवायचं नाही. धूळपाटी नावाचं सरावाचं पान असतं, तिथं काय खेळायचं ते खेळ म्हणून सांगायचं, त्यातलाच एखादा पुढं त्याच गावाच्या लेखात शाळेची, पाण्याच्या स्कीमची नीट माहिती घालतो.

आणि एक, मशीनकडनं भाषांतर करून टाकलेले लेख. 'सांगली हे हळदीचे शहर म्हणून संदर्भित केले जाते' असलं वाक्य दिसलं की ओळखायचं. सांगलीतला कुठला माणूस असं बोलतो? शिवाय अशा लेखात नाना पाटलांनापण 'तो' आणि बालगंधर्वांनापण 'तो' केलेलं असतं, मग मराठीत आदरार्थी बहुवचन असतं हे बसून सगळीकडं दुरुस्त करा.

संदर्भ हवा

वाद मिटवायचं खरं हत्यार एकच, संदर्भ. वाक्यापुढं 'संदर्भ हवा' असा बारीक साचा लागतो तो बघून नवीन माणसाला अपमान वाटतो, पण त्याचा अर्थ तू खोटारडा असा नाही, पुरावा आण एवढाच आहे. आजीनं सांगितलेलं, स्वतः डोळ्यानं बघितलेलं, स्वतः शोधून काढलेलं हे चालत नाही, त्याला तिथं मूळ संशोधन म्हणतात. हा नियम मला पटतो पण तो आपल्या भागाला जड जातो हे खरं. कारण आपल्याकडचं बरंच काही छापलेलंच नाही, किंवा छापलेलं आहे ते यात्रेच्या स्मरणिकेत, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात, ज्याची शेवटची प्रत कुणाच्या तरी माळ्यावर असते. आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली, त्यात दुर्मिळपण होती, म्हणजे कुणाचा तरी संदर्भ कायमचा गेला.

त्याच पुराचं दुसरं टोक बघा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी चढत असताना आकडा दर दोन-तीन तासाला बदलतो, व्हॉट्सॲपवर आलेला वेगळा, टीव्हीवरचा वेगळा, आणि घरी बसलेला माणूस काळजीपोटी तो लेखात भरत राहतो. अशा वेळी आकड्याच्या शेजारी तारीख आणि वेळ लिहिली की भांडण होत नाही, नाही लिहिली की दोन खरे आकडे एकमेकांना खोटं पाडत बसतात.

मिटलंच नाही तर

आधी चर्चा पान, मग चावडी, मग बाकीच्यांचा कौल. कौल म्हणजे निवडणूक नव्हे, दहा जणांनी नुसतं 'पाठिंबा' लिहिलं आणि एकानं नीट कारण दिलं तर त्या एकाचं वजन जास्त धरायचं असतं. एकच माणूस दोन-तीन खाती काढून स्वतःलाच पाठिंबा देतो तोपण प्रकार चालतो, सापडला की सगळी खाती बंद. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासात एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं तर बंदी येऊ शकते, तिथं लवाद समितीपण आहे. आपल्याकडं रोज काम करणारे हात थोडे, त्यामुळं शेवटी गाडी येते प्रचालकांवर. प्रचालकाकडं पान काढायचं, पान सुरक्षित करायचं, एखाद्याला थांबवायचं अशी बटणं असतात, पण मजकुरात काय राहावं ह्याबद्दल त्याचं मत बाकीच्यांइतकंच. हे लोकांना पटत नाही. त्यांना तो साहेब वाटतो, आणि खरं सांगायचं तर कधीकधी प्रचालकालापण तसं वाटायला लागतं.

सहीची एक गोष्ट नव्यांना कुणी सांगत नाही. चर्चेत बोलून झालं की शेवटी चार वेळा ~ दाबायचं, आपोआप नाव आणि वेळ उमटते. सही नसली की कोण कुणाला काय म्हणलं कळत नाही आणि वेगळंच भांडण उभं राहतं.

वाईची पद्धत

सातारा जिल्ह्यात बसून ह्या विषयावर लिहायचं आणि वाईचं नाव नाही काढायचं हे बरं दिसणार नाही. मराठी विश्वकोशाचं काम वाईतनं चाललं, प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, पहिला खंड १९७६ ला आला आणि पुढं वीस खंड झाले. तिथंही मतभेद असणारच, तज्ज्ञ एक लिहिणार, संपादकाला दुसरं वाटणार, पण ते सगळं ऑफिसच्या आत, छापायच्या आधी. वाचकाच्या हातात येतं ते एकच घोटीव वाक्य, त्याच्यामागं किती पत्रं गेली-आली ते खंडात दिसत नाही. विकिपीडियावर वाक्य तितकं घोटीव नसतं, पण त्याच्यामागची सगळी पत्रं लेखाशेजारीच ठेवलेली असतात, शिव्यांसकट.

चावडीचं पान फार लांबलं की जुन्या चर्चा वेगळ्या पानांवर हलवून ठेवतात. त्या कुणी वाचत नाही. मग दोन-चार वर्षांनी नवीन कुणीतरी येतं, तावातावानं विचारतं की 'कराड' हे चुकीचं आहे, अजून कुणी 'कऱ्हाड' कसं केलं नाही, आणि जुन्यांपैकी जो जागा असेल तो त्याला त्या चर्चेची लिंक चिकटवून देतो.