सायकलच्या चाकातील गंजलेल्या निपलची दुरुस्ती

सायकलच्या चाकातील तारा, म्हणजे स्पोक, ज्या छोट्या लांबट नटांनी रिममध्ये आवळलेल्या असतात त्यांना निपल म्हणतात. निपल गंजून तारेच्या आट्यांवर जाम झाले, की चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढता येत नाही. जाम निपल मोकळे करणे, न सुटणारे बदलणे आणि चाक पुन्हा सरळ ताणात आणणे असे हे काम आहे.

तारांचे चाक ताणावर उभे असते. वजन पडले की खालच्या तारांचा ताण कमी होतो, म्हणून मुळातला ताण भरपूर लागतो; मागच्या चाकाच्या साखळीकडच्या बाजूला तो एका तारेवर 100 ते 120 किलोच्या आसपास ठेवतात. त्यामुळे एक निपल जाम असले तरी दुखणे त्या एका तारेपुरते राहत नाही, शेजारच्या तारांना ओढ सोसावी लागते.

निपल बहुधा पितळी किंवा ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम वजनाला हलके, पण स्टीलच्या तारेला चिकटून बसलेले असताना खारे पाणी शिरले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झीज ॲल्युमिनियमची होते. निपलच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसते ती हीच. रिम कार्बनची असेल तर झीज आणखी वेगाने होते. पितळ या बाबतीत कितीतरी टिकाऊ आहे. रोजच्या सायकलला तेच घालावे.

निपल फिरते आहे की नुसती तार पिळते आहे, हे आधी ओळखावे लागते. तारेला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावून निपल फिरवायची चावी पाव फेरा फिरवावी. झेंडा जागेवर राहिला तर आटे मोकळे आहेत. तो चावीबरोबर वळला आणि चावी सोडताच परत आला, तर निपल जाम आहे. अशा वेळी जोर लावू नये, तार आट्यांपाशीच तुटते.

टायर, ट्यूब आणि रिमपट्टी काढून, तार निपलमध्ये शिरते तिथे आणि रिमच्या आतून निपलच्या डोक्यावर गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे. निपल खाली येईल असे चाक धरले की तेल आपसूक आट्यांत उतरते. रात्रभर मुरू द्यावे. ब्रेक जिथे घासतो तो भाग मात्र पुसून कोरडा करायलाच हवा. मग तार चामड्याच्या तुकड्यात पकडीने घट्ट धरून निपल आधी थोडे सैल करून पाहावे. चावी नेमक्या मापाची हवी: 3.23 आणि 3.45 मिलिमीटरच्या चाव्या हातात सारख्याच वाटतात, पण मोठी वापरली की निपलचे कोपरे गोल होतात आणि पुढे धरायला काही उरत नाही.

तेवढ्यानेही सुटले नाही तर तार कापावी लागते. आधी बाकीच्या तारा, ज्या सुटतात त्या, थोड्या थोड्या सैल कराव्यात. ताणातली तार कापली तर टोक उसळते, म्हणून ती हाताने धरावी आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. ॲल्युमिनियमची दोन-तीन निपले तडकलेली निघाली तर सगळीच बदलावीत. उरलेली त्याच वयाची आणि त्याच पाण्यात भिजलेली असतात.

नव्या तारेच्या आट्यांवर आणि निपल रिममध्ये बसते तिथे तेलाचा थेंब द्यावा. 2 मिलिमीटरच्या तारेवर इंचाला 56 आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला तार सुमारे 0.45 मिलिमीटर ओढली जाते. म्हणून आऊट काढताना पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नये. दर वेळी किंचित पुढे नेऊन मागे घ्यावे, म्हणजे तारेत पीळ राहत नाही. शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत दाबून पाहाव्यात. पहिल्यांदा सायकल चालवताना चाकातून टिक-टिक ऐकू आली, तर कुठेतरी राहिलेला पीळ सुटतो आहे असे समजून आऊट पुन्हा एकदा तपासावा.