ओळखीचं ते खरंच वाटतं

'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. युनेस्कोने असं काहीही ठरवलेलं नाही. खुलासे झाले, तरी पंधरा ऑगस्ट आला की तो पुन्हा उगवतो. पाठवणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापक असतात, इंजिनिअर असतात. (सूर्यातून ॐकार ऐकू येतो, हा 'नासाचा शोध'ही हीच मंडळी पाठवतात!) त्यामुळे 'लोक शिकले की अफवा थांबतील' हे मला कधीच पटलेलं नाही.

मेंदूची गफलत वेगळ्याच ठिकाणी होते. १९७७ साली अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावलं आणि दर वेळी खरी-खोटी मिसळून साठ विधानं ऐकवली. त्यातली वीस तिन्ही वेळा तीच होती. प्रत्येक विधान कितपत खरं वाटतं, ते आकड्यात सांगायचं. पुन्हा पुन्हा ऐकलेल्या विधानांचे आकडे चढत गेले, मग ती खोटी का असेनात. एकदा ऐकलेलं वाक्य पुन्हा समजून घ्यायला मेंदूला कमी कष्ट पडतात, आणि ते असं सहज डोक्यात शिरलं की आपण त्यालाच खरेपणाची खूण समजतो. एरवी हा ठोकताळा चालून जातो, कारण वारंवार कानावर येणाऱ्या गोष्टी बहुधा खऱ्याच असतात.

बरं, उत्तर आधीच माहीत असेल तर? २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी तेही तपासलं. त्यांचं एक विधान मोठं मासलेवाईक होतं: स्कॉटिश लोक घालतात त्या आखूड, चुण्यांच्या वस्त्राला साडी म्हणतात. त्याला किल्ट म्हणतात हे ठाऊक असलेल्यांनाही अशी विधानं आधी एकदा वाचली असली, तर किंचित जास्त खरी वाटली. उत्तर डोक्यात होतं, ते बाहेर काढायची तसदी मेंदूने घेतली नाही.

ही तसदी घ्यायची सवय लावता येते का, हा माध्यम साक्षरतेचा, म्हणजे बातम्या-फॉरवर्ड पारखून घ्यायला शिकण्याचा, खरा प्रश्न. आपल्याकडे तो रक्त सांडल्यावर ऐरणीवर आला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच वर्षी केरळच्या कण्णूर जिल्ह्यात सरकारी शाळांमधून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग भरले.

२०१९ च्या निवडणुकीच्या सुमारास राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण, फोटोवरून इंटरनेटवर शोध घेऊन त्याचं मूळ गाठण्यापर्यंत सगळं. सरासरी परिणाम जवळपास शून्य! तेव्हा केंद्रात सत्तेत असलेल्या भाजपच्या समर्थकांना तर आपल्या पक्षाच्या सोयीच्या अफवा ओळखणं उलट जास्त जड गेलं. एका दिवसाच्या कार्यशाळेचे फोटो टाकून 'जागृती' झाल्याचं सांगणाऱ्या संस्थांनी हा निकाल जरूर वाचावा.

पुढे बद्रीनाथन आणि सहकाऱ्यांनी बिहार सरकारच्या 'जीविका' या ग्रामीण उपजीविकेसाठीच्या यंत्रणेसोबत ५८३ गावांतल्या सुमारे १३,५०० विद्यार्थ्यांवर दुसरा प्रयोग केला. भर आरोग्याविषयीच्या अफवांवर, वर्ग थोडे पण काही आठवड्यांच्या अंतराने, सोबतच्या मुलांमध्ये बसून. या वेळी फरक पडला आणि चार महिन्यांनीही टिकून होता. न शिकवलेल्या राजकीय अफवाही मुलं अधिक चांगल्या ओळखू लागली. त्यांचे पालकही, आणि पालकांचे तर वर्ग झालेच नव्हते.