पक्ष्याच्या डोळ्यातला कंपास

हिवाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरू लागतो: मोबाइल टॉवरमुळे स्थलांतरित पक्षी वाट चुकतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामध्ये फेअर आइल नावाचं जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे. तिथलं पक्षीनिरीक्षण केंद्र 1948 सालचं. म्हणजे मोबाइल जन्मायच्या कितीतरी आधीपासून ‘वाट चुकलेल्या’ पक्ष्यांची तिथे नोंद होते आहे.

सप्टेंबरअखेर रात्रभर आग्नेयेचा वारा, आभाळ भरलेलं आणि पहाटे पाऊस, की निरीक्षकांची चंगळ. छोटे पक्षी रात्री उडतात. ढगांत तारे दिसत नाहीत, वारा बाजूला रेटतो आणि उजाडतं तेव्हा खाली नुसता समुद्र. मग दिसेल त्या जमिनीवर उतरायचं. बेटावर झाडं नावापुरतीच, त्यामुळे माणसं दिवसभर दगडी बांध, चर आणि कड्यांच्या घळी धुंडाळत फिरतात. एखाद्या चरातून पिवळ्या भुवईचा वटवट्या निघतो. वजन साधारण सहा ग्रॅम, घरटं सैबेरियात, हिवाळा मुख्यतः आग्नेय आशियात. इथे तो जवळजवळ उलट दिशेला आलेला असतो.

याला दिशा कळते कशी? सूर्य आणि तारे आहेतच, पण मला वेड लावतं ते पृथ्वीचं चुंबकत्व. विल्चको या जर्मन शास्त्रज्ञ दांपत्याने 1972 मध्ये युरोपातल्या रॉबिन या छोट्या पक्ष्यावर दाखवलं, की या पक्ष्याचा कंपास उत्तर-दक्षिण ओळखतच नाही. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीशी कसा कोन करतात, त्यावरून त्याला ध्रुवाची बाजू कुठली आणि विषुववृत्ताची कुठली एवढंच समजतं. अलिबागला हा कोन सुमारे 25 अंश, फेअर आइलला सत्तरच्या वर.

आता डोळ्यात शिरू. दृष्टिपटलात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उडी मारून दुसरीकडे जातो आणि दोन एकटे इलेक्ट्रॉन उरतात. त्यांचे स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनला चिमुकल्या चुंबकासारखं वागवणारा गुणधर्म, कधी परस्परविरुद्ध, कधी समांतर, असे सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी वेळात पालटत राहतात. या पालटण्यावर चुंबकीय क्षेत्राच्या दिशेचा परिणाम होतो आणि त्यानुसार रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या पदार्थाचं प्रमाण बदलतं. म्हणजे पक्ष्याला ध्रुवाची बाजू बहुधा ‘दिसते’! 2021 मध्ये रॉबिनच्या क्रिप्टोक्रोम-4 ने प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद दिला. जिवंत डोळ्यातला थेट पुरावा अजून यायचा आहे.

टॉवरला दोष देणाऱ्यांना अर्धा गुण देतो. जर्मनीत ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोपटांत रॉबिनना दिशाच सापडेना. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून अर्थिंग केल्यावर सापडली. 2014 च्या त्या शोधनिबंधात गुन्हेगार ठरला तो 50 किलोहर्ट्झ ते 5 मेगाहर्ट्झमधला विद्युत गोंगाट: विजेची उपकरणं, एएम रेडिओ. मोबाइलच्या लहरी याच्या कितीतरी पट वरच्या. विजेचा असा उपद्रव आपल्यालाही ठाऊक आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली होती.

आणि फेअर आइलवर उतरणारा प्रत्येक सैबेरियन पक्षी चुकलेलाच असतो, असंही नाही. रिचर्डची तीरचिमणी आपल्याकडे हिवाळ्यात येते. तिच्यातले काही पक्षी आता दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढतात, सैबेरियाला परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच येतात.