इंटरनेट-मोबाईलचे रोजचे शब्द, आई-पप्पांसाठी

इंटरनेट-मोबाईलचे रोजचे शब्द म्हणजे ब्राउझर, सर्व्हर, क्लाउड, वायफाय, लिंक, ओटीपी, बॅकअप वगैरे शब्द, जे आता बँकेत, पंचायतीत आणि घरच्या फॅमिली ग्रुपवरसुद्धा सगळ्यांना येतातच असं धरून बोलले जातात, पण साठीच्या पुढच्या माणसांना ते कोणी शेजारी बसून कधी सांगितलेलेच नसतात. गोव्यात हे जास्त जाणवतं कारण मुलगा तारवटी (बोटीवर कामाला), नाहीतर मुलगी गल्फमध्ये किंवा लंडनला, आणि फोंड्याच्या नाहीतर पेडण्याच्या घरात आई-पप्पा दोघंच. फोन अडला की शेजारचा कॉलेजचा मुलगा येतो, हातातून फोन घेतो, चार ठिकाणी बोट लावतो, "झालं काकी" म्हणतो आणि जातो, काय झालं होतं ते काकींना शेवटपर्यंत कळत नाही. माझं ठाम मत आहे की ह्या पिढीला हे जमत नाही असं अजिबात नाही, त्यांना फक्त कुठली वस्तू नेमकी कुठे असते एवढं कोणी सांगत नाही. आपल्या फोनमध्ये, घरातल्या डब्यात, वायरीत की कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर, हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते, म्हणून खाली प्रत्येक शब्द त्याच अंगाने घेतलाय.

इंटरनेट, वेब, ब्राउझर

इंटरनेट म्हणजे जगभरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या वायरी, टॉवर आणि त्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम. ते आकाशात नाही. परदेशी जाणारा बहुतेक सगळा डेटा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो आणि भारतात ह्या केबल मुंबई, चेन्नई, कोची अशा ठिकाणी किनाऱ्याला लागतात. सुरुवात अमेरिकेत झाली, 29 ऑक्टोबर 1969 ला कॅलिफोर्नियातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये पहिला मेसेज गेला, आजचे नियम त्या जाळ्यावर 1 जानेवारी 1983 पासून लागू झाले, आणि भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगम ह्या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून. गोव्यात घराघरात कॉम्प्युटर शिरला तो बऱ्याच जणांकडे सायबरएज योजनेमुळे, अकरावीच्या मुलांना सरकारने कॉम्प्युटर दिले होते, आई-पप्पांनी त्याच्यावर घरी शिवलेलं कव्हर घातलं आणि हात मात्र लावला नाही, तेव्हाच लावला असता तर आज बरंच सोपं गेलं असतं.

वेब म्हणजे इंटरनेटवरची पानं. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत असताना 1989 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1993 मध्ये सर्नने ती सगळ्यांना फुकट वापरायला मोकळी केली. ही पानं उघडून दाखवणारं ॲप म्हणजे ब्राउझर, उदाहरणार्थ क्रोम. गुगल म्हणजे इंटरनेट नव्हे, ती कंपनी आहे आणि तिची शोधायची सोय आपण रोज वापरतो. शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ते कित्येकदा जाहिरात असते, तिथे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. म्हणून बँकेचा कस्टमर केअर नंबर असा शोधून लावू नये, पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावावा.

सर्व्हर म्हणजे पानं, मेल, फोटो, खाती सांभाळणारा दुसऱ्या कोणाचातरी चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. "सर्व्हर डाऊन आहे" असं काउंटरवर सांगतात तेव्हा बिघाड तिकडे असतो, तुमच्या फोनमध्ये नाही, घरी येऊन फोन चारदा बंद-चालू करून काही होणार नाही.

वायफाय, डेटा आणि चिऱ्याच्या भिंती

वायफाय आणि इंटरनेट ह्यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. वायफाय म्हणजे फक्त तुमचा फोन आणि घरातला राऊटर (इंटरनेट कंपनीने बसवलेला डबा) ह्यांच्यामधला बिनवायरीचा दुवा, इंटरनेट त्या राऊटरच्या पलीकडे सुरू होतं. म्हणून फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी व्हॉट्सॲप काही जात नाही असं होऊ शकतं. अशा वेळी उठून राऊटरकडे जावं आणि दिवे बघावेत. फायबरच्या, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून येणाऱ्या इंटरनेटच्या, बऱ्याच डब्यांवर पॉन (PON) असं लिहिलेला दिवा असतो तो हिरवा आणि स्थिर हवा, आणि लॉस (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, बहुतेक वाटेत कुठेतरी केबल तुटलीय, पावसाळ्यात माडाची झावळी पडली तरी होतं. मग फोनच्या सेटिंगमध्ये काहीही बदलू नये, कंपनीला फोन करून एवढंच सांगावं, "लॉसचा लाल दिवा लागतोय." समोरच्याला लगेच कळतं आणि तो "रिस्टार्ट करून बघा" ची टेप लावत नाही.

दुसरी गोष्ट भिंतींची. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड, पावसाळ्यात ओलाव्याने भरलेल्या, त्यातून वायफाय फार लांब जात नाही, राऊटर बाल्कावाजवळ (पुढच्या पडवीत) आणि आई मागच्या स्वयंपाकघरात असेल तर व्हिडिओ कॉल अडकणारच. राऊटर बहुतेक दोन नावं दाखवतो, एकाच्या शेवटी 5जी लिहिलेलं असतं, त्याचा मोबाईलच्या 5जीशी काही संबंध नाही, ती 5 गिगाहर्ट्झची लहर आहे, वेग जास्त पण भिंतीपुढे लवकर हरते. लांबच्या खोलीत दुसरं नाव, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झवालं, धरावं. आणि जून लागला, गडगडायला लागलं की टीव्हीसारखाच राऊटरचाही प्लग काढून ठेवायचा, फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं पण अडॅप्टर भिंतीतल्या प्लगलाच असतो आणि झटका तिथून येतो. पहिल्या पावसात किती घरांतले राऊटर असे जळतात.

डेटा म्हणजे तुमच्या सिमवरून जाणारी-येणारी माहिती, ती एमबी-जीबीत मोजतात, साधारण हजार एमबी म्हणजे एक जीबी. मजकुराला अगदी नगण्य लागतो, व्हिडिओला सगळ्यात जास्त, त्यामुळे यूट्यूबवर तियात्र किंवा भजनं बघायची तर वायफायवर बघावीत. वेगाचा आकडा वेगळा असतो, 100 एमबीपीएसचं कनेक्शन म्हटलं तर त्यातला बी हा बिटचा, आणि आठ बिट मिळून एक बाइट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतील. नेटवर्क म्हणजे टॉवरचा सिग्नल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सांगे, सत्तरीकडच्या गावांत मुलं ऑनलाईन वर्गासाठी डोंगर चढून सिग्नल शोधत होती, ती काही त्यांची हौस नव्हती, टॉवर खरंच लांब होता.

रॅम, स्टोरेज, क्लाउड

स्टोरेज म्हणजे फोनमधली कोठी, जिथे फोटो, ॲप, व्हिडिओ कायम राहतात, आणि रॅम म्हणजे ओटा, जिथे आत्ता चाललेल्या कामापुरतं सामान काढून ठेवलेलं असतं. फोन बंद-चालू केला की ओटा साफ होतो, कोठीतलं काही जात नाही, म्हणून रिस्टार्ट करायला अजिबात घाबरू नये.

क्लाउड म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरची तुमच्यासाठी राखून ठेवलेली जागा, आणि बॅकअप म्हणजे तिथे ठेवलेली दुसरी प्रत. इथे नीट लक्ष द्या कारण आई-पप्पांचे सगळ्यात जास्त फोटो इथेच जातात. गुगलच्या एका खात्याला 15 जीबी जागा फुकट मिळते आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो तिघंही आले. 1 जून 2021 च्या आधी बेताच्या दर्जाचे फोटो त्यात मोजत नव्हते, आता मोजतात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा आता त्यातच मोजतात. जागा भरली की नवीन मेल येणं बंद होतं. मग कोणीतरी सांगतं "फोटो काढून टाक", आणि आई गुगल फोटोज उघडून चवथीच्या माटोळीचे, नातवाच्या बारशाचे फोटो डिलीट करत बसते, तिला वाटतं क्लाउडवर आहेतच ना. तसं नाही. बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून डिलीट केला की फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही, फक्त 60 दिवस ट्रॅशमध्ये, म्हणजे ॲपच्या कचऱ्याच्या डब्यात, राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. नुसता फोन हलका करायचा असेल तर त्याच ॲपमध्ये "जागा मोकळी करा" असा वेगळा पर्याय आहे, तो फोनमधली प्रत काढतो आणि क्लाउडवरची ठेवतो. आधी मात्र व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो आणि फॉरवर्ड आलेले व्हिडिओ काढा, खरी जागा त्यांनीच खाल्लेली असते.

लिंक, पत्ता, फाईल

लिंक म्हणजे ज्यावर बोट लावलं की दुसरं पान उघडतं ते. ती कुठे नेणार हे तिच्या पत्त्यावरून कळतं, आणि तो वाचायची एक रीत आहे. पत्त्यातली पहिली तिरकी रेघ शोधायची (सुरुवातीच्या दोन जोड रेघा सोडून) आणि तिथून मागे, डावीकडे वाचत यायचं. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असेल, त्याच्या लगेच आधीचं नाव म्हणजे खरा मालक. समजा मेसेज आला की आज रात्री वीज तोडणार, बिल इथे भरा, आणि पत्ता आहे "वीजबिल-गोवा डॉट अमुकतमुक डॉट कॉम", तर तो गोव्याच्या वीज खात्याचा नाहीच, तो अमुकतमुकचा आहे, पुढे गोवा हा शब्द कोणीही चिकटवू शकतो. सरकारी पत्त्याच्या शेवटी, म्हणजे त्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी, डॉट गव्ह डॉट इन (.gov.in) असतं, ते सरकारी खात्यांनाच मिळतं. गोवा ऑनलाईनचं पोर्टल तसंच आहे. जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा काढायचा असेल तरी आधी शेवट बघायचा, मग माहिती भरायची.

पूर्वी पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसायचं आणि लोकांना वाटायचं की कुलूप आहे म्हणजे साईट खरी. कुलपाचा अर्थ एवढाच की मधे कोणी तुमचं टाईप केलेलं वाचू शकत नाही, पलीकडे बसलेला माणूस चोर आहे की साव हे ते सांगत नाही. 2023 मध्ये क्रोमने ते चित्र काढूनही टाकलं.

फाईलच्या नावाचा शेवटही बघावा. जेपीजी म्हणजे फोटो, पीडीएफ म्हणजे कागद, आणि एपीके (.apk) म्हणजे ॲप. लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन एपीके असूच शकत नाही, अशी फाईल उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपीचे मेसेज दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात.

पासवर्ड, ओटीपी, पिन

अकाउंट म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचं तुमच्या नावाचं खातं, पासवर्ड ही त्याची कायमची किल्ली, ओटीपी ही थोड्या वेळात बाद होणारी एकदाच चालणारी किल्ली, आणि यूपीआय (फोनवरून बँकेतले पैसे पाठवायची सोय) पिन म्हणजे बँकेतून पैसे काढण्याची परवानगी. यूपीआय 2016 मध्ये आलं, पिन चार किंवा सहा आकड्यांचा असतो, आणि पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. "तुमचे पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कोणी म्हटलं की पैसे तुमचेच जाणार. ओटीपी बँकेचा माणूसही मागत नाही, कुठल्याही कारणासाठी. स्क्रीन शेअर म्हणजे तुमच्या फोनवर जे दिसतं ते सगळं समोरच्याला दिसणं, ते फक्त आपल्या मुलांबरोबर करावं, तेसुद्धा त्यांचा आवाज ओळखल्यावर. आणि डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरूनच "तुम्हाला अटक झालीय" असं धमकावणं, अशी कुठलीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला तरी फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. मुलांना काय सांगू, ओरडतील, ह्या विचारात संध्याकाळ घालवू नका.

हे सगळं शेवटी एका मोबाईल नंबरावर उभं असतं. ओटीपी त्यावर, बँक त्यावर, आधार त्यावर, जीमेलची किल्ली हरवली तर परत मिळते तीही त्यावर. प्रीपेड सिम 90 दिवस अजिबात वापरलं नाही आणि त्यात पुरेसा बॅलन्स नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले पप्पा, कपाटात पडलेला जुना फोन, आणि पेन्शनच्या खात्याला तोच नंबर जोडलेला, अशी घरं गोव्यात कमी नाहीत. म्हणून जाण्याआधी रिचार्ज करून सिम चालू ठेवावं, आणि नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, मग आधार, मग जीमेल आणि व्हॉट्सॲप, अशा सगळ्या ठिकाणी नवा नंबर घालून झाल्यावरच जुना सोडावा.